साळुबाईंचा एसी

आणे गावच्या साळुबाईंनी फोनवरच झापलं, "शाहनवाज, लाईट कमी खाणारा एसी बसवलास ना? ह्यो तर दिवसभर घुमतोय!"

जुन्नरहून भर उन्हात गेलो, तर घराचं दार सताड उघडं. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, खोली गार झाली की हे मशीन आपोआप हळू चालतं, तिथंच वीज वाचते. दार तरी लावा!"

"दिवसाढवळ्या? आलेलं माणूस माघारी जाईल की रं!"

मीच दार ओढलं. थोड्या वेळात मशीनचा आवाज उतरला.

आठवड्यानं तिकडून जाताना पाहिलं. दार बंद होतं, आत एसी हळू चालला होता आणि साळुबाई बाहेर ओट्यावर पदरानं वारा घेत होत्या.

"कुणी माघारी जाऊ नये म्हणून बसलेय," त्या म्हणाल्या.