ट्रकच्या काट्यावरची सून

सुनेला पाचवा महिना लागला तरी वजन जागचं हलेना. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, "पुढच्या तपासणीपर्यंत दीड किलो तरी वाढायला हवं, नाहीतर दवाखान्यात ठेवून घेईन." सुनेला दवाखान्याच्या नुसत्या वासानं मळमळायचं. ती रडकुंडीला आली.

सासऱ्यांनी दवाखान्यातल्या टीचभर काट्याकडे तुच्छतेनं पाहिलं. त्यांची उभी हयात मालट्रकांच्या वजनकाट्यावर गेली होती. "याला काटा म्हणतात? बटाटे तरी मोजून होतील का यावर?"

दुसऱ्याच दिवशी वाळूच्या दोन ट्रकांच्या मधल्या वेळात त्यांनी सुनेला त्या मैदानाएवढ्या काट्यावर एकटीला उभं केलं. मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काट्यानं पन्नास दाखवले. पुढच्या आठवड्यातही पन्नासच. तो काटा दहादहा किलोंनीच हलायचा, मधलं किरकोळ वजन तो हिशेबात धरत नसे. आजवर एकाही ट्रकनं तक्रार केली नव्हती.

घरी सासूबाई डाळ, पालेभाजी, अंडी, दही असं ताट रचायच्या आणि सासूसासरे दोघंही समोर ठाण मांडून बसायचे.

"खा गं. दोघांचं जेवायचं असतं आता!"

"आई, तुम्ही बघताय ना, म्हणून घास उतरत नाही."

"बघू नको तर काय करू? तो शेवटचा घास आहे की त्याच्या आधीचा?"

आणि एका आठवड्यात काट्यानं साठ दाखवले. सासरे आनंदानं उडालेच. मग त्यांचा चेहरा पडला. आठवड्यात दहा किलो! "ओव्हरलोड," ते हळूच म्हणाले. ओव्हरलोड गाडी माल उतरवल्याशिवाय पुढे सोडायची नसते. घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं, "ताट निम्मं. मधे खाणं बंद."

आता आग्रहच नको म्हटल्यावर समोर बसणारं कुणी उरलं नाही, आणि सुनेला कित्येक दिवसांनी कडकडून भूक लागली. सकाळी वाटीभर दही गेलं. मग केळं. दुपारी मूठभर शेंगदाणे, संध्याकाळी उकडलेलं अंडं. चोरून खाल्लेलं उलटून पडत नाही, असा तिला शोध लागला.

"केळी कुठं गेली?" सासऱ्यांनी विचारलं.

"मांजरानं खाल्ली असतील," सासूबाई म्हणाल्या.

"सोलून?"

"शहाणं आहे हो."

तपासणीत वजन जवळजवळ दोन किलोंनी वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई खूश. "काय केलंत?"

"जेवण तोडलं," सासरे अभिमानानं म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. सुनेनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. बाईंना हसू आवरेना. "म्हणजे थोडं थोडं, चारपाच वेळा. अगदी बरोबर! दवाखान्यात राहायची गरज नाही. आणि बाबा, तुमची बंदीही चालू ठेवा."

सासऱ्यांना सगळं कळलं, पण तसं दाखवलं तर बंदीचा दरारा काय राहणार? आता स्वयंपाकघरात शिरण्याआधी ते दारातूनच मोठ्यानं खाकरतात. फ्रिजचं दार बंद झाल्याचं ऐकू आलं, की आत येऊन करड्या आवाजात विचारतात, "कुणी काही खाल्लं तर नाही ना?"

सून फुगलेल्या गालांनी नाही म्हणून मान हलवते.