ढगांच्या वरचा फोटो

साहेब, ओल्या बाळंतिणीला डोंगर चढायला लावलं ते तुम्ही. तिचा चेहरा मोबाइलात उमटल्याशिवाय आहाराची पाकिटं द्यायची नाहीत, हा हुकूम तुमचा. आणि तोरणमाळच्या कुशीतल्या त्या पाड्यावर रेंज नाही, हेही तुम्हाला पक्कं ठाऊक.

हुकूम घेऊन गेली ममता. रनाळ्याच्या शेतकऱ्याची लेक, अंगणवाड्यांची सुपरवायझर. पौषातली सकाळ, धुकं असं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. पुढे जसोदा, पाठीला झोळीत एकवीस दिवसांचं लेकरू, पाय अनवाणी. मागे ममता. बूट, स्वेटर, कानटोपी, आणि तरी धापा.

"बाई, तुम्ही बसा इथंच. मीच काढून आणते माझा फोटो," जसोदा हसली.

"हास, हास! आठे मन्हा गुडघा बोली ऱ्हायनात," ममता गुडघे चोळत अहिराणीत म्हणाली.

दीड तासाने दोघी धुक्याच्या वर निघाल्या. लख्ख ऊन. खाली सगळी दरी पांढरी, जिनिंगच्या आवारात कापूस पसरावा तशी. ममताने आधी स्वतःचा फोटो काढला, स्टेटसला टाकला. मग जसोदाला उन्हात उभं केलं.

"डोळे मिचकाव."

जसोदाने मिचकावले. चेहरा उमटला. त्याखाली आलं : नोंदवलेल्या नंबरवर गेलेला ओटीपी टाका.

नंबर भिलाचा, जसोदाच्या नवऱ्याचा. पावसाळ्यात फॉर्म भरताना ममतानेच टाकलेला. जसोदाकडे फोन नाही, आणि रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता. भिला दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेला. ममताने सातदा फोन लावला. बंद.

"झालं का, बाई?"

"झालं," ममता म्हणाली. तोंडातून कसं निघालं, देव जाणे.

जसोदाने फडक्यातली मक्याची भाकर मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली. "खा. आता पाकिटं मिळतील ना?" लेकरू किरकिरलं तसं तिने पदराआड घेतलं. थंडीने तिचे ओठ फुटून रक्त आलं होतं. ममताने भाकर परत फडक्यावर ठेवली. अंगातला स्वेटर चावायला लागला.

"नाही झालं, जसोदा. खोटं बोलले मी. नंबरची चूक मन्हीच शे."

जसोदा दगडावर टेकली. मग म्हणाली, "उद्या परत चढू का?"

तिने शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. रेंजची एकच काडी, त्या काडीवरून तुमचा निरोप आला, साहेब. ममताच्या स्टेटसवर. "वा मॅडम, मस्त व्ह्यू!" आणि पुढे अंगठा.

ममताने स्टेटस पुसलं. उभ्यानेच लिहायला लागली : "साहेब, व्ह्यू राहू द्या. एकवीस दिवसांची बाळंतीण माझ्यासमोर दगडावर बसली आहे. आज खाली उतरून ओटीपीविना तिला पाकिटं देऊ, की उद्या परत चढवू? मी इथून हलत नाही. उत्तर द्या."