दोन इंचांनी आखूड

मी एक जुनी साखळी आहे. माझ्यात एकशे ऐंशी कड्या आहेत. प्रत्येक कडीमुळे माझी लांबी दोन इंचांनी वाढते; म्हणजे एकूण तीनशे साठ इंच, बरोबर दहा यार्ड. दोन टोकांना दोन लाकडी काठ्या आहेत. एकशे एकोणऐंशी कड्या १९२७ साली गावच्या लोहाराने एका आठवड्यात घडवल्या. उरलेली एक त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आहे.

मित्रांनो, मिनेसोटातल्या एल्व्हडाल कॉलेजच्या मैदानावर माझे काम सोपे होते. आमच्या फुटबॉलमध्ये बॉल हातात धरून पळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेले तर बॉल तुमच्याकडेच राहतो, नाहीतर समोरच्यांना मिळतो. अंतर भरले की नाही अशी शंका आली, की पंच मला बोलावत.

१९४७ साली आमच्या संघात बावीस खेळाडू होते. त्यांतले चौदा युद्धावरून परतलेले, सहा जण बाप झालेले. आर्विड टॉर्सेट सव्वीस वर्षांचा होता. मैदानामागच्या पत्र्याच्या खोलीत तो बायको आणि तान्ह्या मुलीबरोबर राहत असे. त्याला पाडायला तिघे लागत.

सप्टेंबरमध्ये गवत कापायच्या यंत्रात अडकून माझी एक कडी तुटली. बॉयलर सांभाळणाऱ्या पेडर गेर्डे यांनी ती काढून टाकली, शेजारची उघडून जोड दिला आणि मला पुन्हा मैदानात आणले. संघ जिंकतच राहिला. सहाव्या सामन्यात आर्विडची एक धाव मी मोजली. बॉल काठीच्या एक इंच पुढे भरला. तो सामना आम्ही वीस गुणांनी जिंकलो, पण गावाच्या लक्षात राहिला तो इंच. न्हाव्याच्या दुकानात लोक तो दोन बोटांत धरून दाखवत.

मग शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात भौतिकशास्त्राच्या सिग्ने ओपदाल बाईंनी मला वर्गासमोर मोजायला घेतले. थंडीत पोलाद किती आखडते, हे त्यांना दाखवायचे होते. दुसरे टोक आर्विडच्या हातात होते.

"किती भरली?"

"तीनशे अठ्ठावन्न, बाई."

"अरे, एक अष्टमांश इंचाचा फरक यायला हवा. पुन्हा मोज."

त्याने तीनदा मोजले. मग कड्या मोजल्या. पेडर यांना बोलावणे गेले. ते टोपी हातात घेऊन आले.

"एकच तर कडी गेली, बाई. म्हटलं, एवढ्या लांब साखळीत कोणाला कळतंय!"

"म्हणजे माझा तो इंच?" आर्विडने विचारले.

"उणे एक," बाई म्हणाल्या.

कोच नेसहाइम चिडले. "शनिवारी अजिंक्यपदाचा सामना आणि तुम्ही कड्या कसल्या मोजताय? दोन्ही संघांना साखळी एकच ना?"

"कोच, मला पूर्ण दहा यार्ड पाहिजेत," आर्विड म्हणाला. "मी तेवढं पळू शकतो का, ते मलाच माहीत नाही आता."

कोच पेडर यांच्याकडे वळले. "पेडर, कडी बसव. पाहुण्या संघाला मी सांगतो."

पाहुण्यांचे कोच फोनवर हसले. "तुमच्याकडे साखळी तरी आहे! आम्ही दोरी ताणतो. पाऊस पडला की ती किती भरते, देव जाणे."

पेडर यांनी नवी कडी तापवून बसवली. बाईंनी मोजले. तीनशे साठ.

आता मी खेळाच्या कोठीत खिळ्याला टांगलेली असते. मित्रांनो, वर्षातून एकदा माझा गंज पुसा आणि मोजणाऱ्या वस्तूंनाही मोजून बघा. आम्ही मुद्दाम चुकत नाही. आम्हाला ते कळतच नाही.

त्या शनिवारी शेवटची दोन मिनिटे उरली, तेव्हा आम्ही सात विरुद्ध सहाने पुढे होतो. चौथा प्रयत्न होता आणि एक यार्ड हवा होता. तो मिळाला तर बॉल आमच्याकडे राहून वेळ संपणार होती. नाहीतर पाहुण्यांना जिंकायची संधी होती.

"ए आर्विड, आज साखळी पूर्ण आहे हं!" त्यांच्यातला एक ओरडला.

"म्हणून तर आलोय," आर्विड म्हणाला.

तो घुसला. त्याच्यावर माणसांचा ढीग पडला. पंचांनी एकेकाला उठवले. सर्वांत खाली आर्विड होता, बॉल पोटाशी धरून. पेडर यांनी मला ताठ ओढले. पंच गुडघ्यावर बसले.

बॉलचे टोक काठीच्या पुढे पाऊण इंच होते.