जलालचं जहाज

"इथं कमोड बसवला मंदारभाऊ, तं मानूस बसन, पन उठनार नाई. डोकं छताले लागन."

मंदारने मान वाकडी करून छताकडे पाहिलं आणि मग हातातल्या मोबाइलकडे. मोबाइलमध्ये इटलीतल्या कुठल्याशा बोटीचा फोटो होता. त्यात कमोड होता, आरसा होता, आरशासमोर ताजी फुलंसुद्धा होती.

"मग छत थोडं वर घेऊ," तो म्हणाला.

"छत वर घेतलं तं मंग जुनी कायची राह्यली ते?"

"तेच तर. भैरवी म्हणते, लुक जुनाच पाहिजे. फक्त आतून आराम पाहिजे."

मंदारच्या बायकोचं हे वाक्य जलाल मिस्त्रीला आता झोपेतही ऐकू येत असे. आधी आराम म्हणजे एसी होता. मग फ्रीज आला, मग भिंतीत बसणारे स्पीकर. प्रत्येक आरामाला एक भोक लागत होतं, आणि प्रत्येक भोक जलालच्या हातून या जुन्या बोटीच्या सागवानी फासळीतच पडत होतं. तो शिडीवरून खाली उतरला, शेडच्या बाहेर जाऊन सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला आणि रस्त्यावरच्या ट्रकांकडे रागाने पाहत बसला. ट्रकांचा त्यात काही दोष नव्हता.

एकेकाळी या रस्त्यावरच्या कितीतरी ट्रकांच्या बॉड्या जलालने लाकडात बांधल्या होत्या. पुढे बॉड्या लोखंडाच्या झाल्या, कारखान्यातून तयार यायला लागल्या. जलालकडे दिवाण, चौकटी आणि देवघरं उरली. कळंबचा म्हातारा मिस्त्री म्हणून लोक मान द्यायचे, पण मन रमेल असं काम त्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं आलं नव्हतं.

मंदारचे वडील नंदकिशोर यवतमाळला सरकारी नोकरीत जन्म काढून निवृत्त झालेले. मुलाने मात्र पुण्याची नोकरी सोडून नागपूर रोडवर हॉटेल टाकलं आणि मुंबईच्या भंगारवाल्याकडून ही मोटारलाँच उचलून आणली. सगळी सागवानी, गोल खिडक्यांना पितळी कडी, आत कोरीव कपाटं. कुणा संस्थानिकाची होती म्हणे. तो संस्थानिक कोणता, हे मात्र मंदारच्या तोंडून दर वेळी वेगळं ऐकू यायचं. ट्रेलरवरून ती कळंबमध्ये शिरली, त्या दिवशी चिंतामणीच्या दर्शनाला आलेले लोक आधी हिच्यासमोर फोटो काढून मग देवळात गेले. मंदारला ती दुरुस्त करून धरणाच्या पाण्यात सोडायची होती. जलालने फळीवरून एकदा तळवा फिरवला आणि दुसरं काही विचारायच्या आत हो म्हणून टाकलं. त्या रात्री तो लहान पोरासारखा खूश होता.

समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. बोट म्हणजे उलटी ठेवलेली ट्रकची बॉडी, असा त्याने हिशोब लावला आणि तिथंच तो फसला.

मे महिन्याच्या उन्हाने फळ्या सुकल्या, सांधे उघडले. सांध्यांत काळ्या, कुजक्या दोऱ्यांसारखं काहीतरी भरलेलं होतं. जलालने ते सगळं खरवडून काढलं, शेडमागच्या ढिगावर फेकलं आणि ट्रकला भरतात तशी लांबी, वाळून कडक होणारा लेप, सांध्यांत भरली. घासून घासून अशी गुळगुळीत केली की मंदारने लगेच व्हिडिओ टाकला. मग बोटीच्या पोटात टँकरने पाणी सोडलं. आतलं पाणी बाहेर आलं नाही, तर बाहेरचंही आत येणार नाही, इतकं साधं गणित. पहिल्या दिवशी थेंब गळला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी पिऊन लाकूड फुगलं, फुगायला जागा मिळेना. लांबीचे टवके उडाले आणि खालची एक फळी खिळ्यांसकट बाहेर आली. अख्खं अंगण चिखल झालं. जलालचं जहाज बिनपाण्याचं बुडालं, असं चहाच्या टपरीवर कितीतरी दिवस चाललं होतं. जलाल तिकडे चहाला जाईनासा झाला.

त्याची बायको आरिफा बोरी अरबची. माहेरी पिढ्यान् पिढ्या गाद्या भरायचं काम. ती ढिगावरचा एक काळा दोरा उचलून बोटांत चुरगळत म्हणाली, "अवो, हा तं कापूस हाय. तुमी हा काहून काढला?"

"कचरा होता तो."

"कचरा कोनी असा वळून बसवते? लाकूड फुगलं का कापूस दबते. तुमची लांबी दबते का?"

जलाल चिडला, कारण ती बरोबर बोलत होती. दोन दिवस तो तिच्याशी नीट बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच पोतंभर कापूस घेऊन आला आणि तिच्यासमोर टाकला.

पावसाळाभर आरिफा शेडमध्ये बसून मांडीवर वाती वळत राहिली. लांबच लांब, सारख्या जाडीच्या. जलाल त्या एकेका सांध्यात लाकडी हातोडीने ठोकून बसवायचा आणि वरून मऊ पुटीचा हात फिरवायचा. आत एसीवाला, फ्रीजवाला, स्पीकरवाला येऊन ठोकाठोक करून जायचे. त्यांच्या मागे जलाल कुरकुरत साफसफाई करायचा, उघड्या पडलेल्या लाकडाला तेल पाजायचा, एसीचं तोंड जुन्या कपाटाच्या जाळीमागे लपवायचा. भैरवी येऊन म्हणायची, "किती सुंदर, चाचा. आता फक्त एक छोटासा कमोड." छोटा कमोड मिळतो कुठे, हे तिलाही माहीत नव्हतं.

"पान्यात गेली का पयले तुले बसवन," जलाल एकदा आरिफाला म्हणाला. "मंदारभाऊच्या आधी."

"मले पोहता येत नाई."

"मले कुठं येते?"

आरिफा हसली आणि वात वळत राहिली. पण दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या बेबीताईला सांगितलं, बेबीताईने नळावर सगळ्या बायांना सांगितलं, आणि आरिफा जहाजात बसणार हे कळंबमध्ये ठरूनच गेलं.

मग एके संध्याकाळी मंदार एकटाच आला. हातात मोबाइल नव्हता, तेव्हाच जलालला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"नाही मिळाली परवानगी," मंदार म्हणाला. "धरणाचं पाणी पिण्याचं आहे, इंजिनाची बोट चालणार नाही म्हणतात. वर्षभर चकरा मारून राह्यलो, जलालभाई. आता मलेही कंटाळा आला."

"मंग?"

"मग हॉटेलच्या लॉनवर ठेवू. आत टेबलं मांडू. एसी आहे, लाइट आहे, लोक येतील. फक्त शिडीचा त्रास होतो म्हाताऱ्या माणसांना. तर बाजूनं एक दरवाजा पाडू, जमिनीलगत."

"पोटात?"

"हो, खालीच."

जलालने हातातली हातोडी खाली ठेवली. फेकली नाही, पण ठेवलीही नीट नाही. "टेबलंच मांडाची होती तं सिमेंटची बांधाची होती ना बोट. मी कापूस कायले ठोकून राह्यलो इतके दिवस? ह्या बाईनं वाती कायले वळल्या?"

"तुमचं काम वाया कुठं जाते? लोक पाहतीलच."

"लोक लाकूड पाहतीन. पानी कोन पाह्यन?"

मंदार वाईट माणूस नव्हता, त्याचंही स्वप्न मोडलं होतं, आणि म्हणूनच जलालला त्याच्यावर धड ओरडताही येईना. सगळा राग आतल्या आत घुसमटला. काम वाया गेलं म्हणून तो इतका चिडला नव्हता. दिवाण मोडतात, देवघरं वाळवी खाते, हे त्याने पुष्कळ पाहिलं होतं. पण हे काम जमलं होतं की पहिल्यासारखंच फसलं होतं, हे आता कुणाला कधीच कळणार नव्हतं. त्यालासुद्धा.

घरी आरिफाने सगळं ऐकून घेतलं. जहाजात बसण्याचं तिने नावच काढलं नाही. भाकरी उलटवता उलटवता एवढंच म्हणाली, "मंग माह्या वाती टिकल्या का नाई, हे कसं समजन?"

बोट हॉटेलच्या लॉनवर गेली. गवंड्यांनी तिच्या खाली दोन्ही बाजूंना भक्कम ओटे बांधले. दरवाजा पाडायच्या आदल्या दिवशी जलाल मंदारपुढे जाऊन उभा राहिला.

"एक टँकर पाहिजे."

"आता कशाला? लॉनचा चिखल होईल."

"होईन तं होईन. मले पाहाचं हाय."

मंदारने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टँकरवाल्याला फोन लावला. बोटीच्या पोटात गुडघाभर पाणी चढलं. सुरुवातीला सांध्यांना बाहेरून घाम आल्यासारखी ओल दिसायला लागली, तशी जलालने नजर दुसरीकडे वळवली. लाकडाला प्यायला वेळ द्यायला हवा होता, हे कळत असूनही त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सकाळी तो आरिफाला घेऊन आला. तिने लग्नकार्यात नेसायची साडी नेसली होती. शिडीवरून आधी तीच चढली, आतल्या तीन पायऱ्या उतरली आणि कोरीव कपाटाशेजारच्या बाकावर बसली. पाय पाण्यात.

"गार हाय," ती आतून म्हणाली.

जलाल दोन्ही ओट्यांच्या मधे, बोटीखाली सरपटत शिरला. पाठीला गवत टोचत होतं. एकेका सांध्यावरून तो तळवा फिरवत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा परत. जिथं फळी उडाली होती तिथं त्याने गाल लावून पाहिला. मग तो तिथंच पडून राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायची त्याला काही घाई नव्हती.

"काय झालं?" वरून आरिफाने विचारलं.

"कोरडं हाय सारं."

मंदारही वाकून बोटीखाली आला. त्याने फळीवर हात ठेवला. "जलालभाई," तो हळूच म्हणाला, "चोरून सोडायची का धरणात?"

जलाल खळखळून हसला. पुष्कळ महिन्यांत तो असा हसला नव्हता.

आरिफा खाली उतरल्यावर त्याने बुडाचं बूच काढलं. पाणी लॉनवरून वाहत कुंपणापलीकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीत गेलं. सगळं निथळल्यावर फॅब्रिकेशनवाला कटर घेऊन पुढे झाला, तर जलालने त्याला हातानेच थांबवलं. "वाकडं कापशीन. सरक."

त्याने स्वतः पेन्सिलीने दरवाजाची रेघ मारली, स्वतः करवत धरली. दुपारपर्यंत दरवाज्याएवढा तुकडा सुटून हातात आला. कापलेल्या धारेवर, दर दोन फळ्यांच्या मधे, कापसाचा एकेक ठिपका दिसत होता. आतल्या बाजूला ओला, बाहेरच्या बाजूला पांढराशुभ्र. आरिफाने त्यांतल्या एकावरून अंगठा फिरवला.

"चांगली बसली होती," ती म्हणाली.

जलालने मान हलवली. मग पिशवीतून पॉलिशपेपर काढला आणि जमिनीवर मांडी घालून नव्या दरवाज्याची कड घासायला लागला, येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे कुठं अडकू नयेत म्हणून.