डाव्या गालाचा दस्ता

विभावरीच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलं, ऑपरेशन झालं, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता दिसतंय त्याहून जास्त दिसणार नाही. त्या डोळ्यानं पाहिलं की दाराची चौकट मधेच वाकायची आणि समोरच्या माणसाचं नाक पुसलं जायचं. तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही. घरी नवरा होता, विश्वनाथ. त्याच्यापुढे तिच्या डोळ्याचं दुखणं कोण काढणार?

विश्वनाथला तीन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलण्यातला एकच शब्द उरला: 'नाही.' चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. सुरावरून काय ते ओळखायचं. ही दोघं न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थला आली तेव्हा तो दूध-पावडरच्या कारखान्यांसाठी यंत्रांची डिझाइनं करायचा. विभावरी हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागात लागली, ती अजून तिथंच होती. दिवसभर चिमटे आणि कात्र्या मोजून ट्रे लावायचे, घरी येऊन विश्वनाथला आंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं. ती कामावर असताना एक मदतनीस येऊन जायची. शनिवारी दुपारी मात्र मृदुला यायची. साताऱ्याची मुलगी, युनिव्हर्सिटीत शिकत होती. तिचे चार तास म्हणजे विभावरीचा आठवडा.

त्या चार तासांत ती शेजारच्या बनीथॉर्प गावापुढे एका कुरणात भरणाऱ्या नेमबाजी क्लबात जायची. कॉलेजात एनसीसीत असताना तिनं रायफल चालवली होती; पण इथं तिला ओढून नेलं ते ग्रॅहमनं. ग्रॅहम हॉस्पिटलातला जुना मेंटेनन्सवाला, आता अठ्ठ्याहत्तरचा. त्याला वेड ठासणीच्या बंदुकांचं. दारू मोजायची, तोंडातून ओतायची, फडक्याच्या तुकड्यावर शिशाची गोळी ठेवून गजानं ठासायची, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. एका बाराला तीन-चार मिनिटं. तेवढ्या वेळात दुसरा विचार करता येत नाही. केला की चूक होते. विभावरीला तेवढंच हवं होतं.

उजवा डोळा गेल्यावर नेम डाव्यानं धरायचा, म्हणजे खांदा बदलणं आलं. डाव्या खांद्यावर ग्रॅहमची उसनी रायफल बसेना, आणि तिचा लाकडी दस्ता कापा म्हणायचं विभावरीच्या जिवावर आलं. म्हणून तिनं ऑनलाइन जाहिरात बघून फील्डिंग गावच्या एका माणसाकडून जुनी रायफल घेतली. तो आईचं घर रिकामं करत होता. "इथलीच आहे बरं का," तो नळीवर बोट ठेवून म्हणाला. "बघा, पीएन. पामर्स्टन नॉर्थ!" विभावरीनं लायसन्स दाखवलं, रायफल ब्लँकेटात गुंडाळली आणि घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. विश्वनाथ पलीकडच्या खुर्चीत होता. तिनं नळीचं तोंड त्याच्यापासून वळवून भिंतीकडे केलं, सवयीनं. मग क्राइस्टचर्चहून लेकीचा, ईशाचा फोन आला, आणि बोलता बोलता रायफलचा विषय निघाला.

"आई, सिरियसली? यू बॉट अ गन?"

"अगं, खेळाची आहे."

"बाबांना ठीक आहे का ते?"

विभावरीनं विश्वनाथकडे पाहिलं. तो दस्त्याकडे निरखून बघत होता.

"त्यांना विचारलं तर नाहीच म्हणतील," ती म्हणाली. फोन ठेवून तिनं रायफल गॅरेजमधल्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली.

शनिवारी ती रायफल घेऊन ग्रॅहमच्या शेडमध्ये गेली. त्यानं आधी काही खोललं नाही. गज नळीत सोडला, तोंडापाशी अंगठ्याच्या नखानं खूण धरली, बाहेर काढून नळीच्या बाजूला लावला. पुन्हा तसंच केलं. गज नळीच्या तळाच्या चार बोटं अलीकडेच थांबत होता.

"विभा," तो म्हणाला, "हिच्यात काहीतरी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे भरलेली आहे."

भरलेली! गाडीच्या मागच्या सीटवरून आणलेली, टेबलावर उघडून ठेवलेली, विश्वनाथसमोर. टोपी नव्हती, म्हणजे आपोआप उडाली नसती. हे तिला कळत होतं, तरीही. हॉस्पिटलात एक कात्री कमी भरली तर ती सबंध ट्रे परत उघडायची, आणि इथं तिनं नळीत गजसुद्धा घालून पाहिला नव्हता. ग्रॅहम कामाला लागला. त्यानं टोपी बसवायचं छोटं टोक फिरवून काढलं, आत पाणी सोडून दारू भिजवली, मग त्या भोकाला ग्रीसचा पंप जोडला आणि हळूहळू दांडा मारत राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग नळीच्या तोंडातून काळपट लगदा आला, त्यात निळ्या पट्ट्यांच्या कापडात बसलेली पांढुरकी गोळी.

"ठीक आहे," ग्रॅहम कपाळ पुसत म्हणाला. "आता बघू ही बाई कोण आहे ते."

नळी दस्त्यातून उचलून त्यानं ती उजेडात उलटी धरली. खालच्या अंगाला ठसे होते. विभावरीला बारीक ठसे वाचायची सवय होती; तिनं चांगला डोळा भिंगाला लावला. चांदणी, एकमेकींवर आडव्या बंदुका, चौकटीत ए आणि एफ.

"इटली," ग्रॅहम म्हणाला. "ए-एफ म्हणजे एकोणीसशे ऐंशी. आणि पीएन म्हणजे त्यांच्या भाषेत काळी दारू. हिच्यात फक्त काळी दारूच घालायची, एवढाच त्याचा अर्थ."

"म्हणजे पामर्स्टन नॉर्थ नाही."

"त्याला सांगू नकोस, दुखावेल बिचारा."

बाकीचं त्यानं दस्त्यावरून वाचलं. घोड्याच्या यंत्रासाठी कोरलेल्या खाचेत हातानं कानस मारल्याच्या रेघा होत्या. त्या काळी सुट्या भागांचं खोकं यायचं, लोक घरी जोडायचे, त्यातली ही. दस्त्याचं टोक कुणीतरी दोन बोटं कापलं होतं आणि पितळी पट्टी पुन्हा बसवली होती. कापणारं माणूस आखूड हातांचं असणार. "म्हणजे लांबी तुला होईल. पण गाल टेकायचा उंचवटा डाव्या बाजूला आहे, उजव्या हाताच्या नेमबाजासाठी. तुझा डावा गाल टेकणार उजव्या बाजूवर. तिथलं लाकूड छिलावं लागेल. आणि टोपी तुझ्या नाकासमोर फुटेल, तिथं पितळेचा आडोसा करून देतो."

त्याच संध्याकाळी तिनं फील्डिंगच्या त्या माणसाला फोन केला. तो माणूस ओशाळला, दहा वेळा सॉरी म्हणाला. रायफल आईची होती, त्याला कधी हात लावायला मिळाला नव्हता. आई आता वृद्धाश्रमात होती. "तिलाच विचारा," तो म्हणाला. "मला खरंच माहीत नाही."

पुढच्या शनिवारचे चार तास त्यात गेले. जाताना विभावरी मनाशी वाक्यं जुळवत होती. म्हातारी आहे म्हणून काय झालं? माझ्या घरात भरलेली बंदूक आली. माझा नवरा उठून पळूही शकत नाही.

त्या माणसाची आई, डोरीन, वृद्धाश्रमातल्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. शहाऐंशीची, लहानखुरी, आखूड हातांची. विभावरीनं नाव सांगितलं, कशासाठी आले ते सांगितलं. भरलेली होती म्हटल्यावर डोरीनचा चेहरा पांढरा पडला.

"निळ्या पट्ट्यांचं कापड?" तिनं विचारलं.

"हो."

"केनचा, माझ्या नवऱ्याचा पायजमा." तिनं विभावरीला खुर्ची दाखवली. मग म्हणाली, "त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. टोपी फुटली, पण बार उडाला नाही. दारू ओलावली असणार. गोळी काढायला हवी होती, तेवढ्यात शेजारणीचा फोन आला की केन रस्त्यावर फिरतोय, मोजे घालून. त्याला तेव्हा माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मी रायफल तशीच कपाटात ठेवली. म्हटलं सोमवारी काढू."

"मग?"

"मग अकरा वर्षं केन होता. कपाट उघडायला वेळच झाला नाही. तो गेल्यावर विसरून गेले." तिनं विभावरीचा हात धरला. "तुला काही झालं असतं तर? मला माफ कर, बाई. मी रेंजवर दुसऱ्यांना ओरडायचे असल्या चुकांसाठी."

जुळवलेली वाक्यं विभावरीच्या तोंडातच राहिली. तिला फक्त दमल्यासारखं वाटलं, आणि समोरची बाईही दमलेली दिसली. "कुणाला काही झालं नाही," ती म्हणाली. "मीही तपासायला हवं होतं."

चहा आला. डोरीननं विचारलं, घरी कोण असतं? विभावरीनं सांगितलं. डोरीन हळहळली नाही, उपाय सुचवले नाहीत. "किती वर्षं?" एवढंच विचारलं.

"तीन."

"हं," डोरीन म्हणाली. निघताना तिनं सांगितलं, "दस्ता हवा तसा काप. मी कापला तेव्हा केन आठवडाभर बोलला नव्हता माझ्याशी. आणि ती थोडी डावीकडे मारते. मी नेम धरायची पुढची माशी कानसली होती, पण पुरतं जमलं नाही कधी."

त्यापुढचा शनिवार असाच गेला. विश्वनाथला ताप होता. ताप उतरल्यावर एका रविवारी दुपारी तिनं रिकामी नळी कपाटातच ठेवली आणि नुसता दस्ता बाहेर काढला. विश्वनाथची खुर्ची गॅरेजच्या दारात आणली, त्याला एकटं सोडता येत नव्हतं म्हणून. दस्ता शिकंज्यात धरला. लाकूड नेमकं कुठं लागतंय ते कळावं म्हणून डाव्या गालाला काजळ फासलं, दस्त्यावर गाल टेकला, उचलला. लाकडावर काळा डाग उमटला तिथं कानस मारायची. पुन्हा काजळ, पुन्हा गाल.

"नाही," विश्वनाथ म्हणाला.

तिला वाटलं, गारठा लागतोय. शाल दिली.

"नाही. नाही!"

"मग काय हवंय, अहो? बाथरूम?"

त्यानं डावा हात उचलून दस्त्याकडे केला. ती त्याला खुर्चीसकट जवळ घेऊन गेली. त्यानं कानशीच्या रेघांवर बोट ठेवलं, मग बोट उलट्या दिशेनं ओढलं. ती लाकडाच्या रेषांच्या विरुद्ध घासत होती. बारीक कुसळं उचलली गेली होती. तिनं दिशा बदलली. कानस एकदम मऊ चालायला लागली.

"हे मघाशी का नाही—" ती म्हणाली आणि थांबली.

पेन्सिल दिली तेव्हा त्यानं डाव्या हातानं एक रेघ मारली. ती थरथरत गेली, पण बरोबर होती. इथून तिथवर, याच्या आत जायचं नाही. तिनं एकदा ती ओलांडली तर तो इतका चिडला की खुर्चीचा हात आपटत राहिला, आणि तीही ओरडली, मग तिसरंच काहीतरी बोलून रडली. तो रविवार तिथंच संपला. कानस तशीच पडली, खिचडी लागली, त्यानं जेवायला तोंड उघडलं नाही.

तरी पुढच्या रविवारी त्यानंच गॅरेजच्या दाराकडे बोट केलं. पाच रविवार लागले. कानस, मग पॉलिश पेपर, मग जवसाचं तेल फडक्यानं चोळायचं. तेल चोळायचं काम तो करायचा, डाव्या हातानं, गोल गोल, थकेपर्यंत. ती शेजारी स्टुलावर बसून नुसती बघायची. काही सुधारलं होतं असं नाही. सोमवारी पुन्हा सगळं तसंच, तोच ट्रे, तीच आंघोळ, तीच पाठ.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ती रायफल घेऊन क्लबावर गेली. आल्याबरोबर ग्रॅहमनं माओरीत नमस्कार घातला, "किया ओरा, डावखुऱ्या बाई." वारा होता, डोंगरावरच्या पवनचक्क्या जोरात फिरत होत्या. पन्नास मीटरवर कागद लावला. तिनं गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली, दारू मोजली, गोळी ठासली. दस्ता डाव्या गालाला लावला. लाकूड गालात असं बसलं की मान वाकवावी लागली नाही. डाव्या डोळ्याला माशी सरळ दिसली. चाप दाबला. धूर, गंधकाचा वास, आणि आडोशावर टोपीची बारीक टिचकी.

गोळी मध्यापासून वीतभर डावीकडे लागली होती.

"डोरीन म्हणालीच होती," विभावरी म्हणाली.

ग्रॅहमनं छोटी हातोडी काढून माशी केसभर डावीकडे सरकवली, मग प्रत्येक बारानंतर आणखी थोडी. दुसरी गोळी जवळ आली, तिसरी आणखी. पाचवी काळ्या वर्तुळात गेली, अगदी कडेला. "स्वीट ॲज," ग्रॅहम म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास. तिला आनंद झाला, पण तो उडी मारण्यातला नव्हता. खांदा दुखत होता. तिनं गरम पाणी ओतून नळी धुतली, फडकी पांढरी येईपर्यंत पुसली, आणि पाच मिनिटं म्हणून घडीच्या खुर्चीत टेकली.

जाग आली ती फोन वाजल्यानं. अंगावर कुणाचं तरी जॅकेट होतं, ऊन उतरलं होतं, रेंजवर ग्रॅहम तेवढा उरला होता. मृदुलाचा फोन होता. विभावरी धडपडत उठली.

"अगं, मला झोप लागली, मी निघतेच, वीस मिनिटांत—"

"काकू, अहो, तुम्ही कधी येताय ते विचारायला केला फोन. काका जेवलेत. मला आज काही घाई नाहीये."

"ते काय करतायत?"

"टीव्ही बघतायत. मी चॅनेल बदललं तर नाही म्हणाले."

"कुठल्या सुरात?"

मृदुला हसली. "चांगल्या."

विभावरीनं कुरणाकडे पाहिलं. ग्रॅहम किटलीत पाणी भरत होता.

"मृदुला, मग मी तासाभरानं आले तर चालेल?"

"चालेल की."

ती पुन्हा खुर्चीत बसली, जॅकेट गळ्यापर्यंत ओढलं, आणि चहा होईपर्यंत डोळे मिटून घेतले.