पोटाला तोंड, कानाला टोक

मी फीटोस्कोप बोलतोय. नाव जड वाटलं तर भोंगा म्हणा; टेंभुर्णीहून येणाऱ्या बायका तेच म्हणतात. माझं रुंद तोंड आईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, की आतल्या बाळाचे ठोके ऐकू येतात.

माझा जन्म ॲल्युमिनियमच्या कारखान्यातला. जालना जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी मोठ्या आशेनं आलो. पण ठोके मोजायचं मशीन आलं आणि मी स्पिरिट ओतायचं नरसाळं झालो. वासानं डोकं उठायचं.

मग इथं नर्सना मिडवाइफ करण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. साधं बाळंतपण त्यांनी स्वतःच्या निर्णयानं करायचं, आणि अवघड कोणतं तेही ओळखायचं. शिकवायला वंदना मॅडम आल्या. त्यांनी मला घासूनपुसून बाहेर काढलं. "मशीन आहेच, आधी कान तयार करा," म्हणाल्या. शिकणारी काम करत असली की मॅडम हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात. नाकाला खाज सुटली तरी सोडत नाहीत.

परवा ताराचं पहिलं बाळंतपण होतं. सोबत सासू द्वारकाबाई. ताराला इथंच ठेवायचं की जालन्याला पाठवायचं, हे शिकणाऱ्या दैवशाला सिस्टरनं ठरवायचं होतं. सुया टोचण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, पण असा निर्णय पहिलाच.

कळ ओसरली. दैवशालानं माझ्यावर कान ठेवला आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, बाळाचे ठोके फार सावकाश आहेत. जालन्याला पाठवू."

"आत्ता तर बराबर हाय म्हणल्त्या तुम्ही," द्वारकाबाई उठल्या. "मंग आता काय झालं?"

तारा रडायला लागली. माझ्यातून एका वेळी एकालाच ऐकू येतं, त्यामुळे मॅडमना काहीच कळत नव्हतं. मला मात्र कळत होतं, आणि सांगता येत नव्हतं.

"गाडीला फोन करायला सांगते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तोवर ताराची नाडी धर, आणि परत ऐक."

दैवशालानं मनगट धरलं, कान लावला. दोन्हीकडे एकच ताल.

"मॅडम, हे तर ताराचेच ठोके."

"मग बाळ कुठंय?"

तिनं पुन्हा पोट चाचपलं. ठोके बाळाच्या पाठीवरूनच नीट ऐकू येतात, आणि ती पाठ दुसऱ्या कुशीला सापडली. तिथं मला टेकवलं, आणि काय सांगू, नुसती घोडदौड. मॅडमनीही वाकून ऐकलं, हात मागेच.

"गाडी नको," दैवशाला म्हणाली. "इथंच."

"मला ऐकू द्या की जरा," द्वारकाबाईंनी कान लावला. "अगं बाई, मळणी यंत्रावानी चालून राह्यलं."

दिवस मावळायच्या आत ताराला मुलगी झाली. खणखणीत आवाजाची.

आता मी दैवशालाच्या खिशात राहतो. एकच गाऱ्हाणं आहे. वॉर्डात माणूस कमी पडलं की आधी शिकणारीलाच उचलून नेतात. नेऊ नका हो. चुकायला आणि चूक सापडायला तिला वेळ लागतो, आणि शेजारी एक जाणतं माणूस लागतं.

आज दुसरी बाई आली आहे. दैवशाला वाकते आहे. पंखा बंद करा, मोबाइल ठेवा. आम्हाला ऐकायचंय.