चौदा नंबरचा चर

नव्या संरक्षणमंत्र्यांनी शपथ घेऊन नऊ दिवस झाले होते आणि आज, दहाव्या दिवशी, त्या सीमेजवळच्या कुर्गसोच्या दलदलीत येणार होत्या. उर्वे हालिकने सकाळपासून तीनदा कॉफी केली आणि तिन्ही वेळा प्यायची विसरली.

उर्वे वनखात्यात पाण्याची पातळी मोजायचं काम करायची. एकोणीस वर्षं ती या दलदलीत खोचलेल्या नळ्यांमधलं पाणी मोजत होती आणि एकोणीस वर्षं ते खाली खाली जात होतं. रशियनांच्या अमलात इथे चाळीस चर खणले होते, दलदल सुकवून लाकूड काढायला. लाकूड फारसं निघालं नाही, दलदल मात्र सुकली. चर बुजवा, असा अर्ज उर्वे दर वसंतात पाठवायची. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर दर शरदात यायचं.

आणि मग गेल्या आठवड्यात गाडी चालवताना तिने रेडिओवर नव्या मंत्र्यांचं, मेरिके ताल्व यांचं भाषण ऐकलं. दारूगोळा, हवाई संरक्षण, ड्रोन, राखीव सैनिकांचं प्रशिक्षण अशी कामं त्या एकेक करून सांगत होत्या, आणि पाचवं सांगताना म्हणाल्या, "सीमेवरच्या दलदली. मित्रदेश मदतीला येतील, पण त्यांना पोचायला वेळ लागेल. तेवढा वेळ शत्रूला अडवायला हवं, आणि आपल्याकडे मागे सरकायला जागा नाही. तेव्हा जमिनीलाच कामाला लावू." उर्वेने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. दुसऱ्याच दिवशी मंत्रालयातून फोन आला, की मॅडमना तुमची दलदल बघायची आहे, चाचणीसकट.

चाचणी साधी होती. मित्रदेशाच्या तुकडीतली साखळीपट्ट्यांवर चालणारी अठ्ठावीस टनांची चिलखती गाडी दलदलीत घालायची आणि काय होतं ते बघायचं. गुरुवारी मंत्रिमंडळासमोर कामांची यादी जाणार होती. आज मंगळवार.

मंत्रीबाई आल्या त्या रबरी बूट घालूनच. चाळिशीच्या, उंच, भराभर चालणाऱ्या. त्यांच्यासोबत सैन्याच्या अभियंता दलाचे मेजर तार्मो ओया होते. त्यांनी उर्वेशी अदबीने हात मिळवला आणि अदबीनेच सांगून टाकलं, "खरं सांगतो, मला पाचवं कलम काँक्रीटच्या अडथळ्यांचं हवंय. दलदलीवर माझा भरवसा नाही."

"मग बरं झालं आलात," उर्वे म्हणाली.

मागे काल्यू आपल्या खोदयंत्राला टेकून उभा होता. उर्वेचा शेजारी, शाळेतला सोबती. गाडी रुतली तर ओढायला त्याला बोलावलं होतं. इथले अर्धे चर त्यानेच वयाच्या एकोणिसाव्या वर्षी खणले होते, हे उर्वे त्याला विसरू द्यायची नाही.

गाडीचा चालक ओवेन म्हणून एक तांबूस केसांचा पोरगेला सैनिक होता. मेजरनी हात खाली केला आणि गाडी गुरगुरत निघाली.

ती बुडली नाही. खुरट्या पाइनची झाडं काडीसारखी मोडत, वाळकं शेवाळ उडवत ती सरळ चालत गेली. शंभर मीटर, तीनशे, आठशे. पलीकडच्या काठावर पोचून ओवेनने हॉर्न वाजवला.



"उर्वेबाई," मंत्री म्हणाल्या, "हे काय?"

"हेच तर मी एकोणीस वर्षं लिहितेय, मॅडम. याला तुम्ही नकाशात दलदल म्हणता. पण पाणी अर्धा मीटर खाली गेलंय. ही आता वाळलेली गादी आहे. चर बुजवले की पाणी वर येईल, शेवाळ परत धरेल, आणि मग इथून माणूससुद्धा धड चालणार नाही."

"येईल, धरेल," मेजर म्हणाले. ते चिडवत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "पण हे कुणी पाहिलंय? मी मंत्रिमंडळाला दाखवू काय?"

काल्यू खाकरला. उर्वेने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"सांग ना आता," काल्यू म्हणाला.

"तू गप्प बस."

"मी गप्प बसतो, मग त्यांना काँक्रीट टाकू दे."

मंत्री एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. उर्वेने टोपी काढली, परत घातली. नोकरी जायची तर आजच जाऊ दे, असं मनाशी म्हणून ती बोलली, "अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी चौदा नंबरचा चर बुजवला. तीन रविवार लागले. पाइनच्या फळ्या ठोकल्या, वर माती दाबली. परवानगी नव्हती."

"आणि यंत्र माझं होतं," काल्यूने भर घातली.

"वनखात्याला माहीत आहे हे?" मंत्र्यांनी विचारलं.

"आता झालं की."

मेरिके ताल्व यांच्या ओठांचा कोपरा हलला. "कुठे आहे चौदा नंबर?"

अर्धा तास चालावं लागलं. तिथे पोचल्यावर कुणाला सांगावं लागलं नाही. मुळांशी पाणी साचून पाइन उभ्या उभ्या वाळून राखाडी पडले होते, खाली लाल-हिरवं शेवाळ फुगून आलं होतं आणि त्यावर क्रॅनबेरीची लाल फळं विखुरली होती. मेजरनी दोन मीटरची काठी टेकवली. जोर न लावताच ती मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी ती ओढून काढली, निरखली, पुन्हा दुसरीकडे घातली. त्यांच्या चेहऱ्यावर आता शाळकरी मुलासारखी उत्सुकता होती.

ओवेन गाडी वळसा घालून तिथे घेऊन आला, तेव्हा मेजरनी त्याला काय करायचं ते त्याच्या भाषेत समजावलं. तो हसून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" काल्यूने विचारलं.

"म्हणतोय, नोकरीत पहिल्यांदाच बुडायचा हुकूम मिळाला."

गाडीला मागून जाड तारदोर बांधला, वरची झाकणं उघडी ठेवली, आणि ओवेन एकटाच आत बसला. गाडी निघाली. दहा मीटर. वीस. तीस. उर्वे मनात आकडे मोजत होती. चालतेय अजून. अकरा वर्षं पुरली नाहीत की काय.

मग गाडीचं नाक हळूच खाली झुकलं, दमलेल्या बैलाने मान टाकावी तसं. साखळीपट्टे गरगर फिरले, तपकिरी पाण्याचा फवारा झाडांच्या शेंड्यांपर्यंत उडाला. ओवेनने मागे घ्यायचा प्रयत्न केला, तशी ती आणखी खचली. पाणी पुढच्या दिव्यांवर आलं, मग चिलखतावर. इंजिन बंद पडलं. ओवेन झाकणातून वर आला, छपरावर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

काठावर उभ्या ओवेनच्या तुकडीतल्या सैनिकांनी आरोळ्या ठोकल्या. उर्वेच्या दंडात काहीतरी रुतत होतं. पाहिलं तर मंत्रीबाईंची बोटं.

"अडतीस मीटर," मेजर म्हणाले. अंतर त्यांनी स्वतः पावलांनी मोजलं होतं आणि त्यात ते कमरेपर्यंत भिजले होते. "उर्वेबाई, सगळे चर बुजवले तर किती वर्षं?"

"पाणी दोन वर्षांत येईल. शेवाळाला सात-आठ लागतील. पण रणगाडा रुतवायला पाणीच पुरतं, शेवाळाची वाट बघावी लागत नाही."

ते हसले. "माझं काँक्रीट सहाव्या नंबरवर गेलं म्हणायचं."

गाडी काढायला चार तास लागले. काल्यूच्या यंत्राने ती हलेना, तेव्हा सैन्याची दोन ओढयंत्रं मागवली. तोवर सगळे लाकडाच्या ओंडक्यांवर बसून वाटाण्याचं सूप आणि काळा पाव खात होते. उर्वेला उखडलेल्या शेवाळाकडे बघून वाईट वाटत होतं, आणि तरी हसू थांबत नव्हतं.

निघताना मंत्री म्हणाल्या, "त्या विनापरवाना चराबद्दल तुमच्या खात्यातून तक्रार आलीच, तर थेट माझ्याकडे पाठवायला सांगा."

गुरुवारी दुपारी फोन आला. यादी मंजूर झाली होती, पाचव्या कलमासकट, आणि कुर्गसोचं काम सोमवारपासूनच. उर्वे कोट न घालताच शेजारच्या अंगणात धावली. काल्यू सरपण रचत होता.

"मंजूर," ती धापा टाकत म्हणाली. "सोमवारी सुरू. दक्षिणेकडून."

"दक्षिणेकडून? डोकं फिरलंय तुझं. पाणी उत्तरेकडून येतं."

"येतं उत्तरेकडून, पळतं दक्षिणेकडून. आधी पळणारं अडव."

"चर मी खणलेत की तू?"

"म्हणूनच तर तुला विचारत नाहीये." ती तोवर त्याच्या सरपणाच्या ढिगावर नकाशा पसरून बसली होती. काल्यूने हातातलं लाकूड खाली टाकलं, चष्मा शोधला आणि तिच्या शेजारी येऊन वाकला.